म्हापशात मोबाइलचे दुकान आहे, गिऱ्हाईक ऑनलाइन भाव दाखवते. किंमत कशी ठरवावी?

आधी खरा नफा काढा, कारण बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. मोबाइलवर जीएसटी 18 टक्के आहे. समजा, फोन तुम्हाला करासह 14,160 ला पडला आणि तुम्ही तो 14,999 ला विकला. सुटले 839? नाही. त्यातला कर वगळायला 14,999 ला 1.18 ने भागा : 12,711. खरेदी कराविना 12,000. म्हणजे हाती 711. कार्ड मशीनचे 2 टक्के गेले तर 300 कमी. वर 100 रुपयांची काच आणि कव्हर फुकट दिलेत, तर उरले 311. भाडे आणि पोराचा पगार यातूनच.

म्हणून दाखवलेल्या आकड्याशी लगेच बरोबरी करू नका. तो भाव बहुधा ठरावीक बँकेच्या कार्डाची सूट धरून असतो. ते कार्ड गिऱ्हाइकाकडे आहे का, हे आधी विचारा. नसेल तर फरक बराच उतरतो.

उरलेला फरक रोखीने सोडण्यापेक्षा जुना फोन बदलून घेणे, जुन्यातला डेटा नव्यात भरून देणे आणि काच लावून देणे यांत भरून काढा. एमआरपीच्या वर मात्र एक रुपयाही लावता येत नाही.

माल पंधरा दिवसांपुरताच भरा, चतुर्थीच्या आधी थोडा जास्त. कंपनीने भाव उतरवला की फरकाची क्रेडिट नोट (कंपनीकडच्या खात्यात जमा) साधारणपणे चालू न केलेल्या आयएमईआयवरच (प्रत्येक फोनचा वेगळा क्रमांक) मिळते, तेव्हा दाखवायला म्हणून सीलबंद खोके फोडून फोन चालू करू नका.