वाचकांचे प्रश्न: हाक्याला न जाणारा मुलगा

प्रश्न : मुलगा वीस वर्षांचा आहे. शिमगा झाला की वाडीतले पुरुष डुकराच्या शिकारीला जातात, हा जात नाही. पोरं त्याला 'बायलो' म्हणून चिडवतात. यजमान म्हणतात, एकदा जाऊ दे, धीट होईल. काय करावं? (कुडाळ तालुका)

उत्तर : शिकारीत कोण काय करतो ते यजमानांना विचारा. बंदुका मोजक्याच असतात. बाकीचे हाकारे, म्हणजे हाका घालून जनावर बंदुकीकडे पळवणारे. कुत्री घेऊन, डबे बडवत, काट्याकुट्यातून रान काढतात ते हेच. बंदूकवाला डुकराच्या वाटेवर वारा तोंडावर घेऊन गप्प बसतो, कारण डुकराची नजर बेताची पण नाक फार तिखट. जनावर जखमी झालं तर उलटतं ते बहुधा कुत्र्यांवर आणि हाकाऱ्यांवर. सुळा खालून वर फिरतो, मांडीची शीर तुटली तर माणूस रस्त्यातच संपतो. धोका हाकाऱ्याचा, नाव आणि बऱ्याचदा मांसाचा जादा वाटाही बार काढणाऱ्याचा. याला मर्दानगी म्हणायचं तर म्हणा.

माणूस दगावतो तो बहुतेक घाईने. जनावर पूर्ण दिसलं, त्याच्या मागे कोणी नाही याची खात्री झाली, तरच चाप ओढायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण रिकाम्या हाताने परतलं की टिंगल होते, म्हणून झुडूप हललं तरी बार निघतो आणि पलीकडे आपलाच हाकारा असतो. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीत दारू दमट असली तर बार उशिरा सुटतो. न सुटलेल्या नळीत डोकावणारे आहेत. आधीचा बार आत असताना वर दुसरा ठासला तर नळीच फुटते.

आता कायदा. 1972च्या वन्यजीव कायद्यात जनावर हाकणं हीसुद्धा शिकारच. म्हणजे हातात नुसता डबा असला तरी मुलगा आरोपी होतो. रानडुक्कर या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. शेतीचं नुकसान होत असेल तरी वनविभागाची लेखी परवानगी लागते. शेतसंरक्षणाचा बंदूक परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं, त्याचे वाटे घालणारेही अडकतात.

धीटपणाच हवा असेल तर भात पिकायच्या दिवसांत मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात राहून रात्रीची राखण करू दे. एकट्याने, बॅटरी घेऊन. त्याचं कौतुक कोणी करत नाही, ही वाडीची चूक.

प्रश्न : शेताच्या कुंपणाला झटका मशीन (तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र) लावूनही डुकरं आत येतात. शेजारी हसतात, तारा कसल्या लावता, बार काढा म्हणतात. (राजापूर तालुका)

उत्तर : सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच वर हवी. गुडघ्याएवढी वर असली की डुक्कर खालून नाक घालून घुसतं, आणि राठ केसांवर झटका नीट बसत नाही. दुसरी तार तिच्यावर आणखी वीतभर. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो. आठवड्याला बेणणी करा. कातळावर अर्थिंग लागत नाही. सळी मातीचा थर असेल तिथे खोल ठोका, उन्हाळ्यात तिथे पाणी ओता.

घरची वीज थेट तारेत सोडू नका, त्याने माणसं मेली आहेत. क्लचवायरची फासकीही नको. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो, आणि गुन्हा तुमच्यावर.