हिजरी तारीख जुळली म्हणून कारण सापडले का?

प्रश्न : दहशतवादी हल्ला झाला की ‘आज हिजरी (इस्लामी चांद्र) कालगणनेतला अमुक दिवस होता’ असे संदेश फिरू लागतात. अतिरेकी खरेच तारखा पाहून हल्ले करतात का? आणि हे पडताळायचे कसे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : काही वेळा करतात. सर्वांत स्पष्ट उदाहरण मक्केचे. 20 नोव्हेंबर 1979 रोजी पहाटे जुहैमान अल-ओतैबीच्या सशस्त्र गटाने तिथल्या मुख्य मशिदीचा ताबा घेतला. सौदी गणनेने तो 1 मोहरम (हिजरी वर्षाचा पहिला महिना) 1400, नव्या हिजरी शतकाचा पहिला दिवस. दर शतकाच्या तोंडावर धर्माला नवी उभारी देणारा येतो, अशी हदीस, म्हणजे प्रेषित मोहम्मदांचे म्हणून सांगितले जाणारे वचन, आहे. तिला महदीच्या, म्हणजे जगाच्या अखेरीआधी येणाऱ्या तारणहाराच्या, आगमनाची भाकिते जोडून गटाने मोहम्मद अल-कहतानी हाच महदी असल्याचे जाहीर केले. तो वेढ्यातच मारला गेला. मशीद मोकळी व्हायला दोन आठवडे लागले. इथे तारीख हाच अनुयायांना दाखवायचा पुरावा होता.

2 मार्च 2004 ला करबला आणि बगदादमध्ये आशुराच्या दिवशी, म्हणजे 10 मोहरमला, स्फोट झाले. तिथला हिशेब निराळा. त्या दिवशी इमाम हुसेन यांच्या मृत्यूचा शोक पाळायला शिया भाविकांची अफाट गर्दी जमते, आणि हल्लेखोरांना हवी होती तीच. मेले ते मातमाला आलेले मुसलमान. हे विसरून सरसकट ‘त्यांचा पवित्र दिवस’ म्हणणे अन्यायाचे आहे.

आता पडताळणी. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे असते. अधिक महिना नसल्याने सण दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकतात. तारीख सूर्यास्ताला बदलते, म्हणून रात्रीची घटना पुढच्या तारखेत जाते. महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो आणि ते देशागणिक वेगळे. भारत बहुधा सौदीच्या एक दिवस मागे असतो. ठरावीक गणितावर चालणारी मोबाइल अ‍ॅप इथेच चुकतात : 354 आणि 355 दिवसांची वर्षे ठरवून देणाऱ्या तीस वर्षांच्या चक्राने 1 मोहरम 1400 ही 20 ऐवजी 21 नोव्हेंबरला येते. म्हणून घटना जिथली, तिथे त्या वर्षी जाहीर झालेलीच तारीख धरा.

मग पाहा, गटाने त्या दिवसाचा उल्लेख स्वतः, हल्ल्याआधी केला होता का? 2016 मध्ये ‘इस्लामिक स्टेट’च्या प्रवक्त्याने रमजानमध्ये हल्ले करण्याचे उघड आवाहन केले होते, तो पुरावा झाला. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा जिल्काद हा हिजरी महिना संपत आला होता आणि त्या दिवसाला धार्मिक महत्त्व नव्हते. बकरी ईद दोन आठवड्यांवर होती खरी, पण एवढी ढील दिली तर वर्षातली जवळपास कुठलीही तारीख कुठल्या ना कुठल्या सणाला चिकटवता येते.