स्टेजवर रडले म्हणून माफी झाली का?

वाचक विचारतात, ताई सांगतात

ह्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच दुखण्याची निघाली. तिन्ही आपल्याच मराठवाड्यातली. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि हे पान ह्या तिघांना देते.

प्रश्न : ताई, सलाम. मी अंबड तालुक्यातल्या खेड्यातून लिहायलेय, नाव छापू नका. आमच्या चर्चचं छत पत्र्याचं, पावसाळ्यात उपासना चालू असताना बादल्या मांडाव्या लागतात. म्हणून आम्ही महिला मंडळानं सहा वर्षं पैसे जमवले. रोज स्वयंपाकाच्या टायमाला एक मूठ जवारी बाजूला काढायची आणि महिन्याला विकायची, काहीजणींनी ऊसतोडीच्या उचलीतून दिले, मी माझी शेळी विकून दिले. सगळे मिळून १ लाख ८४ हजार झाले होते, पाळकसाहेबांकडं ठेवायला दिले. मागच्या वर्षी कळलं की ते त्यांच्या मुलाच्या प्लॉटच्या इसारात गेले. डिसेंबरात त्यांनी उपासनेत उभं राहून कबूल केलं, लई रडले, दाविदाचं ५१ वं स्तोत्र वाचलं, लोकं पण रडले. कमिटीनं तिथंच जाहीर केलं की मंडळीनं माफ केलं. जानेवारीत साहेब परत प्रवचनाला उभे. पैशाचं कोणी नाव काढंना. मी विचारलं तर म्हणायलेत तुझ्यात कडूपणाचं मूळ शिरलंय, जो निष्पाप असेल त्यानं पहिला दगड मारावा. आता म्हणतात गुड फ्रायडेला स्टेजवर ये आणि साहेबांच्या हातात हात दे, म्हणजे लोकांना साक्ष होईल. मी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर नि द्राक्षरस, घ्यायचं बंद केलंय. माझं चुकायलंय का?

उत्तर : सलाम, माझ्या बहिणी. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि दर वेळी त्या शेळीपाशी थांबले. का ते सांगते.

पाळकसाहेबांनी ५१ वं स्तोत्र वाचलं म्हणता ना, मग त्या स्तोत्राच्या आधी काय घडलं तेही मंडळीत वाचायला पाहिजे होतं. बायबलातलं दुसरं शमुवेल हे पुस्तक, ११ आणि १२ वा अध्याय. दावीद राजानं आपल्याच सैनिकाची, उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत पुढं उभं करून मारवलं, आणि मग नाथान संदेष्टा त्याच्याकडं गेला. नाथानानं काय सांगितलं? एका गरिबाकडं एकच मेंढी होती, लेकरासारखी वाढवलेली, आणि शेजारच्या श्रीमंतानं स्वतःचे कळप सोडून तीच नेऊन पाहुण्याला कापली. हे ऐकून दावीद भडकला आणि म्हणाला की त्या माणसानं चौपट भरून दिलं पाहिजे. तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच. आता बघा, हे स्तोत्र वाचणाऱ्या माणसाच्या समोर सतरंजीवर ती शेळीवाली बाई बसलेली होती आणि त्याला ती दिसली नाही.

त्याच स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो की मी तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच पाप केलं. ह्या एका ओळीचा आधार घेऊन कितीतरी जण सुटून गेलेत. पाप देवाविरुद्ध केलं, देवानं माफ केलं, विषय संपला. अहो पण उरीया मेलेला होता, त्याची माफी मागायला दावीद कुठं जाणार होता? तुम्ही बायका तर जिवंत आहात, दोन गल्ल्या सोडून राहता, साहेबांना यायला पाच मिनिटं लागतात. आणि देवानं दाविदाला माफ केल्यावरसुद्धा त्याच्या घरावरची शिक्षा टळली नाही, हे त्याच अध्यायात लिहिलेलं आहे.

त्यांचं रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. माणसाच्या मनातलं मला दिसत नाही, खरंही असेल. पण येशूनं शास्त्री-परूशी ह्या धर्मपुढाऱ्यांना ढोंगी म्हणलं तेव्हा जो ग्रीक शब्द शुभवर्तमानात आलाय तो मुळात नाटकातल्या नटासाठी होता, आणि येशूची तक्रार हीच होती की प्रार्थना, उपास, दान सगळं लोकांना दिसावं म्हणून चाललंय. पश्चात्तापसुद्धा स्टेजवरच सुरू होऊन स्टेजवरच संपत असेल तर काळजी वाटते. जक्कयाचं बघा. जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू घरी आला तेव्हा तो रडला असं लूकनं कुठं लिहिलं नाही, त्यानं उभं राहून हिशेब सांगितला : अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. तुमच्या साहेबांनी प्लॉट विकायला काढलाय का? इसार परत मागितलाय का? एक हजार रुपयेसुद्धा महिला मंडळाच्या हातात आलेत का? नसतील तर कमिटीनं जे माफ केलं ते कमिटीचं नव्हतंच. कर्ज माझं बुडालं आणि माफ शेजाऱ्यानं केलं, असं कुठं होतं का हो? माफी द्यायची ती ज्याचं गेलं त्यानं, आणि ती द्यायला तुम्ही दहा दिवस घ्या नाहीतर दहा वर्षं, तारीख कमिटीनं ठरवायची नाही.

"साताच्या सत्तर वेळा" माफ कर, हे तुम्हाला ऐकवतीलच. ते येशूचंच वचन आहे आणि मी ते कमी करणार नाही, मनातला राग आपल्यालाच खातो, तो एक दिवस प्रभूच्या पायाशी टाकावाच लागतो. पण मत्तयाच्या त्याच १८ व्या अध्यायात, त्या वचनाच्या थोडंसं आधी, हेही आहे की भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन सांग, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. म्हणजे विचारणं हे येशूनंच शिकवलंय. आणि दगडाचं वचन तर पूर्ण उलटं लावलंय. तिथं एका बाईचा जीव घ्यायला पुरुष दगड घेऊन उभे होते आणि येशूनं त्या बाईला वाचवलं. वहीतला हिशेब मागणं म्हणजे दगड मारणं नव्हे.

आपल्याकडं विचारायची भीती का वाटते ह्याचंही कारण आहे. जालन्यात नारायण शेषाद्री, औरंगाबादेत रतनजी नवरोजी ह्या पाळकांच्या काळापासून, म्हणजे १९ व्या शतकापासून, गावकुसाबाहेरच्या आपल्या माणसांसाठी पाळक म्हणजे लिहितावाचता येणारा, तहसीलला अर्ज लिहून देणारा, पोरांना शाळेत नेऊन बसवणारा माणूस. त्यांचे उपकार खरेच आहेत. माझे वडील पाळक होते, मी ते जवळून बघितलंय. पण त्या उपकारापोटी आपण सगळी रोकड एकाच माणसाच्या कपाटात ठेवतो, ना जॉइंट खातं, ना पावतीपुस्तक, आणि मग तो घसरला की त्याच्याइतकंच आपल्यालाही धक्का बसल्यासारखं करतो. प्रेषित पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा तो पैसा घेऊन एकटा गेला नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून. करिंथकरांना लिहिलेल्या त्याच्या दुसऱ्या पत्रात ८ व्या अध्यायात आहे. पौलाला जे लागत होतं ते आपल्या साहेबांना लागत नाही असं कसं?

आता काय करायचं. स्टेजवर जाऊ नका. येणं त्यांच्याकडून असतं, मत्तयाच्या ५ व्या अध्यायात स्पष्ट आहे की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन समेट कर. म्हणजे थांबायला पाहिजे होतं वेदीपाशी उभ्या असलेल्या माणसानं, तुम्ही कशाला प्रभुभोजन सोडता? ते मेज प्रभूचं आहे, साहेबांचं नाही. त्यांच्या हातून घेववत नसेल तर काही महिने शेजारच्या गावच्या मंडळीत जा पण उपाशी राहू नका. आणि दोन बायका सोबत घेऊन लेखी पत्र द्या : किती जमले, कधी दिले, परत कधी मिळणार. उत्तर नाही आलं तर तेच पत्र डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) बिशपांना, किंवा तुमची मंडळी स्वतंत्र असेल तर ट्रस्टच्या सगळ्या विश्वस्तांना. तिथंही हललं नाही तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडं अर्ज करता येतो, नोंदणी झालेल्या ट्रस्टला हिशेब ठेवून ऑडिट करून द्यावंच लागतं. कोणी म्हणेल विश्वासणाऱ्यानं विश्वासणाऱ्याला कोर्टात नेऊ नये असं पौलानं लिहिलंय. लिहिलंय, पण त्याच परिच्छेदात तो हेही विचारतो की तुमच्यात भावाभावांचा निवाडा करणारा एकही शहाणा नाही का. तर आधी कमिटीनं तो निवाडा करून दाखवावा.

एक सांगायचं राहिलं. काही वर्षांपूर्वी ह्याच पानावर अशाच एका बाईला मी लिहिलं होतं की सोडून द्या, प्रभू बघून घेईल. नंतर कळलं की तिनं मंडळीत येणंच सोडलं. ते उत्तर चुकलं होतं, ती वाचत असेल तर मी तिची माफी मागते.

प्रश्न : ताई, मी उदगीरचा, वय २६. माझा बाप्तिस्मा आणि गेल्या वर्षी लग्न ज्या पाळकांनी लावलं त्यांचे मंडळीतल्याच एका बाईशी संबंध होते हे आता उघड झालंय, आणि त्या काळातही चालूच होते म्हणे. माझी बायको रडायलीय की आपलं लग्न अपवित्र हातानं लागलं. बाप्तिस्मा परत घ्यावा का? आमच्याकडं एक नवीन फेलोशिपवाले म्हणतात घ्यावाच लागेल.

उत्तर : भाऊ, आधी बायकोला सांगा की डोळे पूस. तुमचं लग्न पक्कं आहे, देवासमोरही आणि १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यासमोरही. लग्न लावणारा आतून कसा होता ह्यावर ते टिकलेलं नाही, तुम्ही दोघांनी जे वचन दिलं त्यावर आहे.

हा प्रश्न सतराशे वर्षं जुना आहे बघा. सन ३०३ पासून रोमच्या सम्राटानं ख्रिस्ती लोकांचा छळ केला, तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या काही पाळकांनी जीव वाचवायला पवित्र शास्त्राच्या प्रती सरकारला देऊन टाकल्या. छळ संपल्यावर डोनाटिस्ट नावाचा गट म्हणायला लागला की अशांच्या हातचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नाही, आमच्याकडं या आणि परत घ्या. अगदी तुमच्या फेलोशिपवाल्यांसारखं. त्यावर हिप्पोचा बिशप ऑगस्टिन ह्यानं वर्षानुवर्षं उत्तर दिलं, शेवटी ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंच्या शेकडो बिशपांची मोठी सभा झाली आणि निकाल डोनाटिस्टांच्या विरोधात गेला. ऑगस्टिनचं म्हणणं असं की बाप्तिस्मा देतो तो ख्रिस्त, पाळक नुसता पाट. दगडी पाटातून पाणी जातं, पाटात काही उगवत नाही, पण पाणी बागेपर्यंत पोचतं. आपण विहिरीवरून रानाला पाणी देणारी माणसं, आपल्याला हे वेगळं समजवायला नको. तुमचं रान भिजलंय.

पण ह्याचा दुसरा अर्धा भाग लोक सोयीनं गाळतात. इंग्लंडच्या चर्चनं १५७१ मध्ये पक्की केलेली ३९ कलमं आहेत, त्यातलं २६ वं हेच सांगतं की सेवकाच्या दुष्टपणामुळं बाप्तिस्म्यासारख्या संस्काराचा परिणाम जात नाही. आणि तेच कलम पुढं म्हणतं की अशा सेवकाची चौकशी झाली पाहिजे आणि दोषी ठरला तर त्याला पदावरून काढलं पाहिजे. दोन्ही एकाच कलमात, पहिलं वाक्य वाचून पुस्तक मिटायचं नाही. तुमच्या पाळकांना प्रभू क्षमा करील, मंडळीनंही त्यांना बाकावर बसायला जागा द्यावी, घरी जेवायला बोलवावं. व्यासपीठ मात्र वेगळी गोष्ट आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, निर्दोष असावा असं लिहिलंय, आणि बाकावरून स्वर्गात जाता येत नाही असं कुठंही लिहिलेलं नाही.

आणि त्या बाईचं काय, तिच्याबद्दल तुम्ही एकच शब्द लिहिलाय. पाळक आणि मंडळीतली अडचणीतली बाई ह्यांच्यात दोघांची सारखी मर्जी असते असं मला तरी वाटत नाही. ती त्यांच्याकडं प्रार्थनेला गेली असेल, दुःख सांगायला गेली असेल. गावात तिलाच नावं ठेवली जात असतील, तर तुम्ही दोघं नवराबायको तिच्या घरी एकदा जाऊन या.

प्रश्न : मी एका बोर्डिंगात स्वयंपाकाला आहे, जिल्हा लिहीत नाही. ऊसतोडीवाल्यांची पोरं असतात. एका ११ वर्षांच्या पोरानं मला सांगितलं की तिथले धर्मगुरू रात्री त्याला खोलीत बोलवतात. मी मोठ्या साहेबांना सांगितलं, ते म्हणले त्यांनी कबुली दिलीय, प्रभूनं माफ केलंय, संस्थेचं नाव जाईल, गप्प बस. मी काय करू?

उत्तर : ह्यात क्षमेचा प्रश्नच नाही, बाई. आजच १०९८ ला फोन करा, चाइल्डलाइन आहे, फुकट लागतो, किंवा सरळ पोलीस ठाण्यात जा. २०१२ चा पोक्सो कायदा म्हणतो की ज्याला कळलं त्यानं कळवलंच पाहिजे, न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला तर त्याची जास्त शिक्षा आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, पोरानं जे सांगितलं तेवढंच सांगा, त्याला परत परत विचारू नका. त्याला तोपर्यंत रात्री एकटं सोडू नका.

संस्थेच्या नावाचं म्हणाल तर इंग्लंडच्या चर्चचे तेव्हाचे सर्वांत मोठे बिशप, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी ह्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा जाहीर केला. त्यांनी स्वतः कुठल्या मुलाला हात लावला नव्हता. ख्रिस्ती शिबिरांतून मुलांचा छळ केलेल्या एका माणसाची गोष्ट २०१३ मध्ये त्यांच्या कानावर आली आणि तिचा पुरेसा पाठपुरावा त्यांनी केला नाही, एवढ्यावर. तुमच्या मोठ्या साहेबांना हे सांगा.

तुम्ही पत्राखाली मोबाईल नंबर दिला होता म्हणून हा अंक निघायची वाट न बघता मी फोन केला, दोनदा केला, उचलला गेला नाही. पोराला कोणी गावी पाठवलंय का, तुमचं काम सुटलंय का, मला काहीच कळेना. मी रोज संध्याकाळी सातनंतर लावते आहे. अनोळखी नंबर म्हणून कट करू नका, मीच आहे. आणि माझी वाट न बघता आधी १०९८.