नोकरी सांभाळून, कंपनीच्या पाठबळाशिवाय वेब डिझायनर आणि डेव्हलपर यांची परिषद भरवता येते का?

तुम्ही विचारले आहे की, सहा मित्रांनी आपापली नोकरी सांभाळून, पाठीशी कोणतीही कंपनी नसताना, वेब डिझायनर आणि डेव्हलपर यांच्यासाठी एक दिवसाची परिषद भरवणे जमण्यासारखे आहे का, आणि असेल तर पैसे कमी पडू नयेत म्हणून काय करावे. पहिल्या भागाचे उत्तर होकारार्थी आहे. अशा चार परिषदांच्या कामात मी होते. पहिल्या वेळी केवळ नोंदणीच्या टेबलावर बसले होते, आणि शेवटच्या दोन वेळी मुख्य संयोजक म्हणून सगळेच माझ्या गळ्यात पडले होते. दुसऱ्या भागाबाबत मात्र तुमचा प्रश्नच थोडा बदलावासा वाटतो. चारही वेळा पैसे अपुरे आहेत असे आम्हाला वाटत होते, तरी पैशांवाचून काही अडले नाही. अडले ते माणसांचा वेळ संपल्यामुळे. सहा माणसांनी आठवड्याला प्रत्येकी दोन संध्याकाळी दिल्या आणि तयारीला सहा महिने मिळाले, तर कागदावर तीनशेहून अधिक संध्याकाळी होतात. त्यांतून आजारपण, कार्यालयातील धावपळीचे आठवडे, घरची कार्ये आणि निव्वळ कंटाळा वजा केला की निम्म्याही हाती लागत नाहीत. त्यामुळे प्रत्येक निर्णयाच्या वेळी याला पैसे किती लागतील याच्याबरोबर याला संध्याकाळी किती लागतील, हेही विचारावे. पुढचे सारे मी याच हिशेबाने लिहीत आहे.

परिषदेचे स्वरूप हा यातला सर्वांत महाग निर्णय आहे. ऑगस्ट 2005 मध्ये कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथे पहिला बारकॅम्प भरला, तो कल्पना सुचल्यापासून आठवड्याभराच्या आत उभा राहिला होता. हे शक्य झाले, कारण वक्ते निवडण्याचे कामच त्यात नव्हते. आलेल्या लोकांनीच आपापले विषय फळ्यावर लावायचे, वेळ आणि जागा ठरवायची आणि बोलायला लागायचे, अशी ती पद्धत होती. पुढच्याच वर्षी, 2006 मध्ये, सॅन फ्रान्सिस्को येथे पहिला वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेस ही संकेतस्थळे बनवण्याची प्रणाली वापरणाऱ्यांचा मेळावा, झाला आणि ती परंपरा नंतर जगभर पसरली. आज वर्डकॅम्पचे आयोजक स्वयंसेवक असतात आणि वक्त्यांनाही मानधन नसते, पण तेथे भाषणे आधी मागवून, निवडून, वेळापत्रकात बसवलेली असतात. पहिल्या प्रकारात तयारीचे श्रम वाचतात, मात्र दिवस कसा जाईल हे सकाळपर्यंत कुणालाच ठाऊक नसते. दुसऱ्या प्रकारात दिवस आखीव असतो, पण त्यासाठी कित्येक महिने आधीपासून संध्याकाळी खर्ची पडतात.

निवडीचे श्रम वाया जातात असे मात्र मी म्हणणार नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये बर्लिन येथे भरलेल्या जेएसकॉन्फ ईयू या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या समुदायाने भरवलेल्या परिषदेत रायन डाल यांनी नोड डॉट जेएस हा तेव्हा अगदी नवा असलेला प्रकल्प श्रोत्यांपुढे मांडला, आणि त्यानंतर सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवण्याच्या कल्पनेला जो वेग आला तो आपण पाहिलाच आहे. नाव न झालेल्या माणसाचे अर्धेकच्चे, पण जिवंत काम ओळखून त्याला व्यासपीठ देणे, हे काम कुणीतरी प्रस्ताव बारकाईने वाचल्याशिवाय होत नाही. पहिल्या वर्षासाठी माझा सल्ला असा की, सकाळी पाच निवडक भाषणे ठेवावीत आणि दुपारचा वेळ फळ्यावरच्या खुल्या सत्रांना द्यावा. पाच वक्ते सांभाळणे सहा जणांना झेपते. दहा सांभाळताना दमछाक होते.

डिझायनरांसाठी एक आणि डेव्हलपरांसाठी दुसरे, अशी दोन सभागृहे एकाच वेळी चालवण्याचा मोह तुम्हाला होईल. कृपया तो टाळा. दुसरे सभागृह म्हणजे दुसरा सूत्रसंचालक, वेळ पाहणारा दुसरा माणूस, दुसरा ध्वनिक्षेपक आणि दारात उभे राहणारे आणखी दोन स्वयंसेवक. याहून वाईट म्हणजे ज्या दोन व्यवसायांना एकत्र बसवण्यासाठी हा खटाटोप करायचा, त्यांनाच आपण दिवसभर वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो. आमच्या दुसऱ्या परिषदेत आम्ही हेच केले, आणि संध्याकाळी एका डिझायनर मुलीने मला विचारले की, दुसऱ्या खोलीत काय चालले होते हे तिला कुठे कळेल. माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी स्वतः दिवसभर दोन्ही खोल्यांच्या मधल्या मार्गिकेत फेऱ्या मारत होते.

दोघांनाही धरून ठेवतील असे विषय शोधावे लागतात, ते आपोआप चालून येत नाहीत. आमच्या अनुभवात डेव्हलपर मंडळी भराभर प्रस्ताव पाठवतात आणि डिझायनर शेवटच्या दिवसापर्यंत विचार करत बसतात. नुसती घोषणा करून थांबलो तर सगळा दिवस फ्रेमवर्कच्या, म्हणजे कोड लिहिण्याच्या तयार सांगाड्यांच्या, आवृत्त्यांवर जातो. त्यामुळे हव्या असलेल्या विषयांची यादी घोषणेतच द्यावी. सुगम्यता, म्हणजे अपंग व्यक्तींनाही संकेतस्थळ वापरता येणे, हा त्यासाठी फार उपयोगी विषय आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये डब्ल्यूसीएजी 2.2 ही सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांची आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्या एए या मधल्या पातळीवर बोटाने किंवा माउसने दाबायच्या घटकांचा आकार, काही अपवाद वगळता, किमान 24 बाय 24 सीएसएस पिक्सेल (वेबपानावरील मापाचे एकक) असावा किंवा त्यांच्याभोवती पुरेशी मोकळी जागा असावी, अशी अट आली. या एका अटीवर डिझायनर आणि डेव्हलपर यांनी मिळून अर्धा तास बोलावे. आराखड्यात सुटसुटीत दिसलेले चिन्ह कोडमध्ये उतरताना कुठे आक्रसते, आणि ते कुणी पाहायचे, यावरचा वाद सभागृहातल्या प्रत्येकाने कधी ना कधी घातलेला असतो. अर्जांची मांडणी, पानाचा वेग आणि डिझाइन सिस्टिम (पुन्हा पुन्हा वापरायच्या घटकांचा आणि नियमांचा सामायिक संच) हे विषयही याच जातीचे आहेत.

प्रस्ताव वाचण्याचा हिशेब एकदा मांडून पाहा. साठ प्रस्ताव आले आणि प्रत्येकाला दहा मिनिटे दिली, तर एका वाचकाचे दहा तास होतात, म्हणजे चार ते पाच संध्याकाळी. आणि किमान तीन वाचक हवेत, कारण दोघांचे मत जुळले नाही तर गाडी तेथेच अडते. पहिल्या फेरीत नावे, कंपन्या आणि छायाचित्रे झाकून केवळ मजकूर वाचावा. त्याने ओळखीच्या माणसाकडे झुकणारे मन थोडे सरळ होते. पण नावे झाकणे एवढ्यावर समाधान मानू नये, कारण ज्यांनी प्रस्तावच पाठवला नाही त्यांना झाकलेल्या नावांचा काहीच उपयोग नसतो. जेएसकॉन्फ ईयूच्या आयोजकांनी 2012 मध्ये वक्त्यांत पंचवीस टक्के स्त्रिया कशा आल्या हे सविस्तर सांगितले होते; नावे झाकून निवड करण्याआधी त्यांनी अनेक स्त्रियांना व्यक्तिशः लिहून प्रस्ताव पाठवण्याची विनंती केली होती. अशी दहा पत्रे लिहायला एक संध्याकाळ जाते, आणि माझ्या मते साऱ्या तयारीत तिच्याइतकी सार्थकी लागलेली संध्याकाळ क्वचितच असते. नकाराची पत्रेही वेळेवर आणि दोन ओळींच्या कारणासह जावीत. ज्यांना आम्ही नुसते गप्प राहून नकार दिला, त्यांच्यापैकी कुणीही पुढच्या वर्षी प्रस्ताव पाठवला नाही.

प्रायोजकांबद्दल थोडक्यात एवढेच सांगते की, भाषणाची जागा विकायची नाही आणि उपस्थितांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीवाचून कुणाला द्यायचे नाहीत, हे पहिल्या प्रायोजकाशी बोलण्याआधी लिहून ठेवावे. पैसे कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यात घेऊ नका. एखादी नोंदणीकृत संस्था हिशेब सांभाळायला तयार असेल तर तिच्यामार्फतच व्यवहार करा. प्रवेश पूर्णपणे विनामूल्य ठेवण्याची कल्पना उदार वाटते, पण आमच्या पहिल्या, विनामूल्य परिषदेला नाव नोंदवलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक आलेच नाहीत, आणि ज्यांना जागा नाही म्हणून कळवले होते ते घरी बसून राहिले. थोडेसे शुल्क ठेवले की माणूस येतो किंवा निदान येणार नाही म्हणून कळवतो. विद्यार्थ्यांना आणि ज्यांची नोकरी गेली आहे त्यांना पुरावा न मागता सवलत द्यावी. तिचा गैरफायदा घेणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

सभागृह ठरवण्यापूर्वी, ज्या वेळी भाषणे होणार त्याच वेळी तेथे जाऊन बसा. सकाळी अकरा वाजता पडद्यावर ऊन येत असेल तर ते रात्री पाहणी करणाऱ्याला दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत अक्षरांचे कोड लॅपटॉपवर देखणे दिसते, पण उजेडाच्या खोलीत प्रोजेक्टरवर त्याचा चिखल होतो. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात 4.5 : 1 एवढा कॉन्ट्रास्ट (उजेडातला फरक) असावा, असे आपण आपल्या संकेतस्थळांबाबत एकमेकांना बजावत असतो, वक्त्यांच्या स्लाइडनाही तीच अट घाला, आणि शक्य तेथे त्याहून अधिक मागा. सभागृहातील वायफायवर कुणाचेही प्रात्यक्षिक अवलंबून ठेवू नका, कारण प्रत्येक उपस्थित माणूस फोन आणि लॅपटॉप अशी दोन उपकरणे जोडतो. प्रात्यक्षिक वक्त्याच्या स्वतःच्या यंत्रावर चालले पाहिजे. ॲडॉप्टरची एक पिशवी ठेवा आणि प्रत्येक ॲडॉप्टरवर परिषदेचे नाव चिकटवा. (चार परिषदांत आम्ही किती ॲडॉप्टर गमावले हे मी कोषाध्यक्षांना अजून सांगितलेले नाही.) आवाज पोहोचतो म्हणून माइक नको, असे म्हणणारा वक्ता हमखास भेटतो; त्याला नम्रपणे, पण ठामपणे माइक द्यावा, कारण ज्यांना कमी ऐकू येते ते हात वर करून तसे सांगत नाहीत आणि रेकॉर्डिंगमध्ये तर माइकशिवाय काहीच उमटत नाही. श्रोत्याचा प्रश्न वक्त्याने उत्तरापूर्वी पुन्हा उच्चारावा, हेही आधी सांगून ठेवा.

रेकॉर्डिंग करणार असाल तर वक्त्यांची लेखी संमती घ्या, आणि संपादन कोण करणार हे परिषदेपूर्वी नावानिशी ठरवा. तिसऱ्या परिषदेचे रेकॉर्डिंग संपादित करण्याची जबाबदारी मी उत्साहाच्या भरात अंगावर घेतली आणि ते सात महिने माझ्या हार्ड डिस्कवर पडून राहिले. तोवर दोन भाषणांतील माहिती जुनी झाली होती.

आचारसंहितेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. तंत्रज्ञानाच्या परिषदांत लेखी आचारसंहिता असावी, हा आग्रह 2010 नंतरच्या काही वर्षांत मूळ धरू लागला, आणि 2011 ते 2015 या काळात काम करणाऱ्या एडा इनिशिएटिव्ह या, मुक्त तंत्रज्ञानात स्त्रियांना पाठबळ देणाऱ्या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. आज तयार मसुदे सहज मिळतात, आणि त्यामुळेच ते उतरवून घेऊन आपले काम झाले असे वाटते. आमचेही तसेच झाले. दुसऱ्या परिषदेत एका वक्त्याने विनोद म्हणून एक अपमानास्पद स्लाइड दाखवली. तक्रार दहा मिनिटांत आली, पण निर्णय कुणी घ्यायचा हे आम्ही ठरवलेच नव्हते. आम्ही पाच जण मागच्या खोलीत दोन तास चर्चा करत राहिलो, तोवर तो वक्ता निघून गेला होता आणि तक्रार करणारी व्यक्तीही. त्यानंतर आम्ही मसुद्याखाली तीन गोष्टी लिहू लागलो: तक्रार घेणाऱ्या दोघांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक, इतरांना न विचारता ते दोघे त्याच क्षणी काय करू शकतात याची मर्यादा, आणि तक्रार त्या दोघांपैकीच एकाविरुद्ध असेल तर कुणाकडे जायचे. त्या दोघांना परिषदेच्या दिवशी दुसरे कोणतेही काम देऊ नये.

आता तुमच्या सहा जणांविषयी. तुमच्यापैकी एक जण मधेच सोडेल, हे गृहीत धरूनच कामे वाटा. ते सोडणे बहुधा कुणाच्याही दोषाने होत नाही; नोकरी बदलते, घरात मूल येते, आई-वडील आजारी पडतात. प्रत्येक कामाला एक मुख्य आणि एक जोडीदार असावा, आणि निर्णय गप्पांत न राहता एका सामायिक कागदात तारखेसह लिहिलेले असावेत. दर पंधरवड्याला प्रत्येकाला विचारावे की, पुढच्या दोन आठवड्यांत किती संध्याकाळी देता येतील, आणि शून्य हे उत्तर कपाळावर आठी न आणता स्वीकारावे. ज्याला शून्य म्हणण्याची सोय नसते तो होय म्हणतो आणि नंतर फोन उचलत नाही. परिषदेच्या दिवशी मदतीला येणाऱ्या स्वयंसेवकांच्या पाळ्या अशा लावा की प्रत्येकाला निम्मी तरी भाषणे ऐकता येतील; केवळ खुर्च्या लावून घरी गेलेला स्वयंसेवक दुसऱ्यांदा येत नाही, आणि त्याचे तसे करणे मला योग्यच वाटते.

परिषद संपल्यावर पहिल्या आठवड्यात आभाराची पत्रे आणि महिन्याभरात जमाखर्च प्रसिद्ध करावा. पुढच्या वर्षी पुन्हा करायचे की नाही, हे त्याच संध्याकाळी ठरवू नका, कारण त्या वेळी अर्धे लोक आनंदाने आणि अर्धे थकव्याने बोलत असतात. आम्ही सहा आठवडे जाऊ देतो. एक काम मात्र परिषदेच्या नंतरवर टाकू नका. आमच्या पहिल्या दोन परिषदांचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, एका सहकाऱ्याने स्वतःच्या खात्यातून घेतले होते. तो दुसऱ्या नोकरीत गुंतला, नूतनीकरणाची सूचना त्याच्या वापरात नसलेल्या ईमेलवर गेली, आणि सगळ्या स्लाइड, वेळापत्रके आणि दुवे एका सकाळी नाहीसे झाले. वेब तयार करणाऱ्यांच्या परिषदेचेच संकेतस्थळ असे गेले, हे आजही कुणी आठवण करून दिले की मला खाली पाहावे लागते. डोमेन, होस्टिंग आणि ईमेल ही तिन्ही खाती परिषदेच्या सामायिक पत्त्यावर उघडा आणि त्यांचे पासवर्ड किमान तिघांकडे असू द्या. पहिली बैठक संपायच्या आत हे होऊन जाते.