वाचक विचारतात : माशांच्या टाकीतले म्यूऑन

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांनी माशांच्या काचटाकीचा क्लाउड चेंबर केला, म्हणजे आकाशातून येणाऱ्या म्यूऑनसारख्या अदृश्य कणांचे माग अल्कोहोलच्या धुक्यात रेघांसारखे दाखवणारी पेटी. मासळीच्या बर्फात मीठ घातलं, सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल वापरलं. रेघ एकही दिसली नाही. एकाने तर फेणी घालून बघूया म्हटलं. कुठे चुकलं?
– विज्ञान शिक्षिका, फोंडा

उत्तर : फेणीचं आधी निकालात काढू. तिच्यात अल्कोहोल जेमतेम ४२-४३ टक्के, उरलेलं बहुतेक पाणी, आणि पाण्याचा थंड तळावर नुसता बर्फ होतो. सत्तर टक्केवाल्याचीही थोडीफार तीच गत. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचंच हवं. मोबाईल दुरुस्त करणारे तेच वापरतात.

दुसरी चूक बर्फाची. मीठ घालून तो फार तर उणे २१ अंशांपर्यंत उतरतो. तळाला उणे ३० च्या आसपास तरी लागतं, म्हणून ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो उणे ७८ अंशांचा असतो.

थर्मोकोलच्या ट्रेमध्ये त्याचा दोन-तीन सेंटीमीटरचा सपाट थर करा. त्यावर काळा रंग दिलेला दोन-तीन मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि पत्र्यावर टाकी उपडी. टाकीच्या आता वर आलेल्या बुडाला आतून फेल्टची (जाड लोकरी कापडाची) पट्टी लावा, पण डिंकाने नको, अल्कोहोलने तो सुटतो. आतून-बाहेरून चुंबक बसवा. फेल्टवर तीस-चाळीस मिली अल्कोहोल जिरवा आणि कडेची फट प्लास्टिसिनने (मुलांच्या खेळातल्या मऊ मातीने) बुजवा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, खोलीत अंधार करा, टॉर्च बाजूने तळालगत धरा. वरून उजेड टाकलात तर काही दिसणार नाही.

चवथीच्या दिवसांतली आपली दमट हवा इथे नडते. पत्रा आणि ड्राय आइस यांच्यामध्ये हिम धरतं आणि थंडावा अडतो, म्हणून मांडणी सुरू करायच्या वेळीच ड्राय आइस डब्यातून काढा. फटीतून हवा शिरली तर धुकं ढवळतं आणि माग विस्कटतात. वर कोमट पाण्याची पिशवी ठेवल्यास वाफ जास्त होते.

आणि हे मुलांवर सोडू नका : ड्राय आइसला जाड हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. एका किलोचा पाचशे लिटरहून जास्त वायू होतो, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात तो कधीच भरू नये. अल्कोहोलजवळ आगकाडी नको.

प्रश्न : पुस्तकात चार मूलभूत बलं आहेत. या टाकीत त्यांतली किती दिसतात?
– विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : नीट बघणाऱ्याला चारही, पण सारखी नाहीत. माग उमटतो तो विद्युतचुंबकीय बलाने. विद्युतभारित कण जाता जाता हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो आणि मागे राहिलेल्या आयनांभोवती अल्कोहोलचे थेंब जमतात. न्यूट्रिनो नावाच्या अतिहलक्या कणाला भार नाही, त्याचा माग नाही.

लांब, सरळ रेघ बहुधा आकाशातून येणाऱ्या म्यूऑनची : इलेक्ट्रॉनचाच भाऊ, पण २०७ पट जड. अँडरसन आणि नेडरमायर यांना तो १९३६ मध्ये क्लाउड चेंबरमध्येच सापडला. सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत तो फुटून इलेक्ट्रॉन आणि दोन न्यूट्रिनो होतात. हे काम क्षीण बलाचं. मागाच्या टोकाला अचानक वळून निघालेली दुसरी रेघ दिसली तर तेच समजा. मात्र हे क्वचितच घडतं, प्रदर्शनात कबूल करू नका.

आखूड, जाडजूड रेघ हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूमधून सुटलेल्या अल्फा कणाची. त्यातले दोन प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, तरी दोन न्यूट्रॉनांसकट प्रबळ बल त्यांना बांधून ठेवतं. राहिलं गुरुत्वाकर्षण : तळावर पडणारी अल्कोहोलच्या थेंबांची बारीक रिमझिम पृथ्वीच खेचते. दोन प्रोटॉनांमध्ये मात्र ते विद्युत प्रतिकर्षणाच्या तुलनेत नगण्य, एकावर छत्तीस शून्यं इतक्या पटीने कमी.

प्रश्न : स्लॅबच्या घरात म्यूऑन पोचतात का?
– मडगाव

उत्तर : सहज. समुद्रसपाटीला चौरस सेंटीमीटरमागे मिनिटाला साधारण एक येतो, म्हणजे ३० बाय २० सेंटीमीटरच्या टाकीत सहाशेच्या आसपास. दिसतात ते तळालगतच्या धुक्यातून गेलेलेच. स्लॅबने त्यात फारसा फरक पडत नाही. त्यांना चुकवून न्यूट्रिनो शोधायला कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरावं लागलं होतं, १९६५ मध्ये.