इंदूरमध्ये घरापुढच्या काळ्या मातीच्या अंगणात लॉन लावावं की फरशी घालावी?

दोन्ही नको, निदान आत्ता तरी नको. तुम्ही लिहिलंय की अंगण २० बाय ३० फुटांचं आहे, पावसाळ्यात तिथे तळं होतं, उन्हाळ्यात बोट जाईल अशा भेगा पडतात, नर्सरीवाला लॉन लावा म्हणतो आणि मिस्त्री सगळी फरशी करा म्हणतो. माझं घरही इंदुरातच, याच मातीवर आहे, म्हणून कळकळीने सांगतो: आधी पाण्याला वाट करून द्या.

इंदुरात वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या अंगणावरच ५० हजार लिटरहून जास्त पाणी येतं, गच्चीचं वेगळं. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. पहिल्या सरी भेगांतून आत जातात, मग माती फुगून भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरच थांबतं. हीच माती फरशी उचलते आणि जोत्याला तडे पाडते. म्हणून उतार घराकडून बाहेर ठेवा, दहा फुटांना अडीच इंच पुरे. भिंतीलगतच्या तीन फुटांत रोज पाणी लागणारं काहीही लावू नका.

फरशी हवीच तर चालायच्या वाटेपुरती आणि स्कूटरपुरती. तेवढ्या जागेतली काळी माती नऊ इंच काढून मुरूम भरा, पाणी मारून धुम्मसाने नीट ठोका, वर दगडाची चुरी पसरून फरश्या बसवा. सांध्यांत सिमेंट भरू नका.

आता वाफे. काळ्या मातीत वाफसा, म्हणजे ना चिखल ना कडक अशी खणण्याजोगी ओल, आल्याशिवाय कुदळ मारायची नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, शहरात मात्र लोक विसरतात. ओली असताना खणली तर ढेकळं होतात आणि ती दगडासारखी वाळतात. मूठभर माती दाबून गोळा करा. तो खाली टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे. पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या आसपास असे दिवस मिळतात. तेव्हा वाफे जमिनीपासून आठ-नऊ इंच उंच करा आणि कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं खत भरपूर मिसळा. माती भुसभुशीत व्हावी म्हणून कोणी थोडी वाळू टाकायला सांगेल, ती टाकू नका. चिकणमातीत थोडी वाळू पडली की माती आणखी घट्ट बसते. खत मात्र दरवर्षी घालावंच लागतं.

पारिजातक, तगर, जास्वंद, कढीपत्ता इथे छान येतात. मोगऱ्याचं पाणी थंडीत कमी करा, जानेवारीत छाटा, उन्हाळ्यात ओंजळी भरतील. लिंबू हवं तर सगळ्यात उंच जागी लावा, मुळाशी पाणी साचलं की ते टिकत नाही. नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडतंय असं समजा. आपल्या मातीत चुना जास्त असल्याने मुळांना ते मिळत नाही. कण्हेर काटक आहे, पण विषारी. घरात लहान मूल असेल तर नको.

लॉनसाठी आग्रह धरू नका असंच मी म्हणेन. नर्मदाकाठच्या जलूद गावाहून, सत्तर किलोमीटर लांबून, घाट चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी आपल्याकडे दिवसाआड येतं. मे महिन्यात ते गवताला पाजणं मला पटत नाही. मुलांना खेळायला हिरवळ हवीच असेल तर दहा बाय दहाचा तुकडा ठेवा आणि साधी हरळी लावा. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, पावसात परत फुटते.

आणि अंगणातला सगळ्यात सखल कोपरा भरून काढू नका. उताराचं पाणी तिकडेच येऊ द्या आणि तिथे कर्दळ, केळ, अळू लावा. स्वयंपाकघरातलं भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणीही तिकडेच सोडा. साबणाचं मात्र नको, अळू खायचं आहे.