टेन्टॅकल, संस्पर्शक आणि हत्तीचा हात

प्रश्न असा आहे की, माकूळ, म्हणजे समुद्रातला स्क्विड, ज्या लांब, लवचिक अवयवाने, टेन्टॅकलने, भक्ष्य पकडतो त्याला मराठीत ‘संस्पर्शक’ म्हणणे योग्य का? रूढ आहे, चालतो. पण त्याआधी ‘ऑक्टोपसची आठ टेन्टॅकल्स’ हे कृपा करून बंद करा. ऑक्टोपसला टेन्टॅकल एकही नसते. त्याचे ते आठ बाहू, मुळापासून टोकापर्यंत चूषक, म्हणजे चिकटणाऱ्या वाट्या, असलेले. माकुळाला आठ बाहू असतातच, वर दोन लांब टेन्टॅकल्स. त्यांचे चूषक बहुतेक टोकाच्या फुगीर भागात एकवटलेले.

‘संस्पर्शक’ हा लॅटिन ‘टेन्टारे’चा, म्हणजे ‘चाचपणे’चा, इमानी अनुवाद. काही विद्वान टेन्टारेचे नाते आपल्या संस्कृत ‘तन्’ धातूशी, ‘तंतू’, ‘ताणणे’शी लावून मोकळे होतात. ऐकायला गोड आहे. पण जुने रूप ‘टेम्प्टारे’ आहे. मधला ‘प’ कुठून आला ते आधी सांगा, मग सोयरीक जुळवा.

आणि माकूळ चाचपतो कुठे? तो डोळ्यांनी नेम धरतो आणि सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळात टेन्टॅकल फेकतो. खरा चाचपणारा म्हणजे दंतशंख, हस्तिदंतासारख्या शिंपल्याचा समुद्री जीव. वाळूत गाडून घेऊन बारीक, गोंडेदार धाग्यांनी तो फोरॅमिनिफेरासारखे सूक्ष्म जीव हुडकतो. त्या धाग्यांना नाव मिळाले ‘कॅप्टॅक्युला’, ‘कॅप्टारे’वरून, म्हणजे पकडू पाहणे! दोघांच्या नावांची सरळ अदलाबदल करायला हवी.

आता माझा लाडका मुद्दा. ‘हत्ती’ म्हणजे हस्तिन्, हात असलेला. ‘करी’ही तसाच, संस्कृतात ‘कर’ म्हणजे हात आणि सोंडही. बिनहाडाच्या सोंडेला आपल्या पूर्वजांनी बेधडक हात म्हटले. १९८५ साली कीयर आणि स्मिथ या जीवशास्त्रज्ञांनी जीभ, टेन्टॅकल आणि सोंड यांची एकत्र मांडणी केली: तिन्हींत हाड नाही, आधारही स्नायूंचा आणि हालचालही स्नायूंचीच. स्नायूचे आकारमान बदलत नाही. म्हणून आडवे स्नायू आवळले की टेन्टॅकल बारीक होते आणि लांब होत पुढे झेपावते. भक्ष्य चिकटले की ते आखडते, बाहू भक्ष्याला कवळतात आणि तोंडातल्या चोचीकडे नेतात.

तेव्हा टेन्टॅकलसाठी माझे मत ‘सोंड’ या शब्दाला. फुलपाखरालाही सोंड असते, असा आक्षेप येईलच. ती चोखायची नळी आहे. दुसरा शब्द तिच्यासाठी शोधा.